दत्तक मूल शाळेत ‘रुळलं’ हे कोण ठरवतं?

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकजण सध्या पेटची तयारी करताय, काहीजणांचं कोर्सवर्क सुरू आहे आणि बऱ्याचजणांच्या डोक्यात ‘विषय कोणता घेऊ?’ हा एकच प्रश्न फिरतोय. आज मी एक विषय घेते आणि तो तुमच्यासमोर तपासते. विषय माझाच आहे, म्हणजे होता. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं: ‘यवतमाळ जिल्ह्यातील दत्तक विद्यार्थ्यांच्या शालेय समायोजनाचा चिकित्सक अभ्यास’.

शीर्षक कसं वाटतं? अगदी ओळखीचं वाटत असेल. जिल्हा आहे, विद्यार्थी आहेत, समायोजन आहे आणि शेवटी ‘चिकित्सक अभ्यास’ आहे. शून्य परिकल्पनाही तयार होती: ‘दत्तक व अदत्तक विद्यार्थ्यांच्या शालेय समायोजनात सार्थक फरक आढळत नाही.’ नमुना दोन्ही गटांत शंभर-शंभर. साधन प्रमाणित प्रश्नावली. सांख्यिकी ‘टी’ मूल्य. हे सगळं मी एका आठवड्यात लिहिलं आणि स्वतःवर खूश झाले.

त्या सिनॉप्सिसमध्ये काय काय चुकलं होतं, ते आता क्रमाने बघू. या विषयावरचं गाजलेलं संशोधन आणि आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध ‘दत्तक मुलाच्या शिक्षणाची गोष्ट’ या दोन्हींची झडतीही त्याच ओघात घेऊ.

पहिली चूक: शब्द एक, मुलं तीन

‘दत्तक’ म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर कोण येतं? माझ्यासमोर संस्थेतून घरी आलेलं मूल आलं होतं. पण नीट पाहिलं तर या एका शब्दात निदान तीन वेगळी मुलं आहेत.

पहिलं मूल विशेष दत्तक संस्थेतून काही महिन्यांचं असताना घरी येतं. ते शाळेत जातं तेव्हा दत्तक होऊन तीन-चार वर्षं झालेली असतात. त्याच्यासाठी घर जुनं असतं आणि शाळा तेवढी नवी.

दुसरं मूल सहा, आठ किंवा दहा वर्षांचं असताना घरी येतं. नवं घर, नवे आईबाबा, बऱ्याचदा नवं नाव आणि नवी शाळा, हे सगळं त्याच्या वाट्याला काही आठवड्यांत येतं. अनेकदा बोलीही नवी असते. शहरातल्या संस्थेत वाढलेलं मूल आपल्याकडे आलं तर वर्गात वऱ्हाडी ऐकू येते, शेजारच्या बाकावर कोणी घरी गोरमाटी बोलणारं असतं, तर कोणी कोलामी किंवा गोंडी. पुस्तकातली मराठी आणखी वेगळी.

तिसरं मूल नात्यातलं असतं. भावाचं किंवा बहिणीचं मूल घेतलेलं असतं आणि दत्तकपत्र झालेलं असतं. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ या मार्गाला मान्यता देतो. या मुलाला दोन्ही घरं माहीत असतात. गावालाही माहीत असतात.

या तिघांना मी ‘दत्तक विद्यार्थी’ या एकाच रकान्यात टाकलं होतं. मग सरासरी काढून ती कोणाची सरासरी होणार होती? तुमच्या विषयातल्या मुख्य शब्दाची कार्यात्मक व्याख्या लिहायला लागलात की असे तीन-चार वेगळे गट बाहेर पडतात. ते सिनॉप्सिसच्या टप्प्यावर पडले तर बरं, व्हायवाच्या दिवशी पडले तर फार जड जातं.

दुसरी चूक: शंभर मुलं आणायची कुठून?

२०२४-२५ या वर्षात केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणामार्फत, म्हणजे ‘कारा’मार्फत, ४,५१५ मुलं दत्तक गेली. ही संख्या अलीकडच्या काळातली मोठी आहे. देशात पावणेआठशेहून अधिक जिल्हे आहेत. साधा भागाकार करा. जिल्ह्याला वर्षाला सरासरी सहाच्या आतबाहेर मुलं येतात. त्यातली बरीच तान्ही असतात. शाळेच्या वयात घरी आलेली, म्हणजे आपलं दुसरं मूल, एखाद्या जिल्ह्यात एखाद्या वर्षी एकही नसू शकतं.

भागाकार कच्चा आहे हे मान्य. महाराष्ट्रात दत्तकाचं प्रमाण इतर अनेक राज्यांपेक्षा जास्त आहे आणि नात्यातली दत्तकपत्रं या आकड्यात धरलेली नाहीत. तरी शंभरचा नमुना एका जिल्ह्यात मिळणार नाही हे समजायला एवढं गणित पुरतं. मी ते केलंच नव्हतं. ‘नमुना १००’ हे मी आधीच्या प्रबंधात पाहिलं होतं, म्हणून लिहिलं.

संख्या एवढी लहान असेल तर प्रश्नाचा प्रकारच बदलतो. ‘फरक आहे का?’ हे विचारता येत नाही. ‘काय घडतं आणि कसं घडतं?’ हे विचारता येतं.

गाजलेला अभ्यास काय सांगतो, काय सांगत नाही

२००५ साली ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये व्हॅन आयझेंडूर्न, युफर आणि क्लाइन पुलहाउस यांचं मेटा-विश्लेषण आलं. ६२ अभ्यास, १७,७६७ दत्तक मुलं. या विषयावर काम करणारा प्रत्येकजण त्याचा संदर्भ देतो. मीही दिला होता, सारांश वाचून.

निष्कर्ष दोन बाजूंचे आहेत. मागे राहिलेल्या भावंडांशी किंवा संस्थेतल्या सोबत्यांशी तुलना केली तर दत्तक गेलेली मुलं बुद्ध्यांकात आणि शाळेतही पुढे दिसतात. नव्या घराच्या आसपासच्या, वर्गातल्या मुलांशी तुलना केली तर बुद्ध्यांकात फरक दिसत नाही, पण शालेय कामगिरी आणि भाषा थोडी मागे राहते आणि शिकण्यातल्या अडचणी जास्त आढळतात.

इथे दोन गोष्टी शिकायला मिळतात. पहिली म्हणजे, ‘दत्तक मूल मागे पडतं का?’ या प्रश्नाला ‘कोणाच्या तुलनेत?’ हे जोडल्याशिवाय अर्थच येत नाही. तेच मूल एका तुलनेत पुढे आहे, दुसऱ्या तुलनेत थोडं मागे. माझ्या परिकल्पनेत ‘अदत्तक विद्यार्थी’ एवढंच लिहिलं होतं. कोणते? त्याच वर्गातले की त्याच संस्थेत राहिलेले? मला तो प्रश्न सुचलाही नव्हता.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. बुद्ध्यांक सारखा असताना शाळेतली कामगिरी मागे का राहते? या मधल्या जागेत काय आहे? भाषा असेल. आधीच्या वर्षांतली उपासमार किंवा दुर्लक्ष असेल. शिक्षकांनी आधीच ठरवलेली अपेक्षा असेल. ‘आपलं मूल मागे पडू नये’ म्हणून दत्तक पालक लवकर तज्ज्ञांकडे जातात, त्यामुळे अडचणींची नोंद जास्त होते, असंही असू शकतं. मेटा-विश्लेषण या जागेच्या दारापर्यंत आणून सोडतं, कारण त्यात आलेल्या बहुतेक अभ्यासांनी गुण आणि चाचण्या मोजल्या आहेत, वर्ग पाहिलेला नाही. ही त्या लेखाची चूक म्हणता येत नाही, ती त्याची हद्द आहे. मात्र हद्दीपलीकडचा निष्कर्ष आपण त्याच्या नावावर खपवला तर चूक आपली.

दुसरा अभ्यास मायकेल रटर आणि सहकाऱ्यांचा. रुमानियातल्या अत्यंत वाईट अवस्थेतल्या संस्थांमधून १९९० नंतर ब्रिटनमध्ये दत्तक गेलेली १६५ मुलं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली. सोबत तुलनेला ब्रिटनमध्येच सहा महिन्यांच्या आत दत्तक गेलेली ५२ मुलं. सहा महिन्यांपेक्षा कमी काळ तिथे काढलेली मुलं बऱ्यापैकी सावरली. जास्त काळ काढलेल्यांपैकी अनेकांमध्ये लक्ष न लागणं, अनोळखी माणसाशीही पटकन सलगी करणं अशा अडचणी तरुणपणापर्यंत टिकल्या. बुद्धीच्या चाचण्यांमधला फरक मात्र तरुण वयापर्यंत बराचसा भरून निघाला.

या अभ्यासाची ताकद त्याच्या सबुरीत आहे. मुलं सहा वर्षांची असताना अहवाल लिहून थांबले असते, तर ‘बुद्धी कमी पडते’ हाच निष्कर्ष कायमचा झाला असता. म्हणून ‘शाळेतले सुरुवातीचे दिवस’ पाहून मुलाचं भविष्य सांगू नका. पण या अभ्यासाचा आपल्याकडे सरसकट वापर करण्यातही धोका आहे. रुमानियातल्या त्या संस्थांची अवस्था टोकाची होती. आपल्याकडच्या प्रत्येक संस्थेतलं मूल ‘रुमानियासारखं’ धरून चालणं म्हणजे मूल भेटण्याआधीच त्याचा निकाल लावणं.

कवळाण्याचा गोपाळ: गोष्ट उलटी वाचू नका

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या कवळाणा गावचा, शेतकरी घरातला गोपाळ काशीराव गायकवाड. जन्म ११ मार्च १८६३. बडोद्याचे मल्हारराव १८७५ च्या एप्रिलमध्ये पदच्युत झाले आणि खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी २७ मे १८७५ रोजी या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलं. नाव बदललं, गोपाळचा सयाजीराव झाला. तोवर त्याला अक्षरओळख जेमतेम होती. इंग्रज शिक्षक एलियट नेमले गेले, दिवाण टी. माधवराव यांनी राज्यकारभारावर व्याख्यानं दिली आणि २८ डिसेंबर १८८१ ला राज्याचे अधिकार त्यांच्याकडे आले. पुढे याच राजाने १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं.

आपण ही गोष्ट शाळेपासून ऐकत आलोय. ती खरी आहे आणि मोठीही आहे. पण संशोधक म्हणून वाचताना ती कुठे अपुरी पडते?

चरित्रकारांना शेवट माहीत असतो. स्टॅन्ले राइस असोत की राजघराण्यातलेच फत्तेसिंहराव, बडोद्याच्या पहिल्या वर्षांकडे ते पुढच्या थोर राजाच्या बाजूने पाहतात. त्यामुळे मुलाचा प्रत्येक हट्ट ‘निश्चयी स्वभाव’ ठरतो आणि गप्प राहणं ‘गांभीर्य’ ठरतं. हेच मूल पुढे सामान्य संस्थानिक झालं असतं तर तोच हट्ट ‘अशिक्षितपणाची खूण’ ठरला असता. जी दत्तक मुलं पुढे नावारूपाला आली नाहीत, त्यांच्या पहिल्या दिवसांची चरित्रं कोणी लिहितच नाही. यशस्वी उदाहरणांवरून सगळ्यांबद्दल बोलण्याची चूक अशीच होते.

दुसरा मुद्दा साधनांचा. त्या वर्षांबद्दल जे लिहिलेलं सापडतं ते बहुतेक मोठ्यांनी लिहिलेलं आहे. माधवरावांची व्याख्यानं ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली, त्यात बोलणारा दिवाण आहे आणि ऐकणारा मुलगा आहे. संस्थानाचे प्रशासन अहवाल वरिष्ठांसाठी लिहिलेले. ‘शिक्षण समाधानकारक चालू आहे’ असं वाक्य अशा कागदात दिसलं, तर ते मुलाबद्दलचं विधान आहे की शिक्षकाच्या कामाबद्दलचं? बारा वर्षांच्या मुलाला रात्री कवळाण्याची आठवण येत होती का? नवीन नावाने कोणी हाक मारली की ओ द्यायला किती दिवस लागले? या प्रश्नांना जागा देणारा रकानाच त्या कागदांत नाही.

तुलनेचाही घोळ बघा. धाकटा भाऊ संपतराव ‘मागे राहिलेलं भावंड’ म्हणून वापरावा म्हटलं तर तेही जमत नाही, कारण तोही बडोद्यात आला आणि शिकला. त्याचा ग्रंथसंग्रह पुढे बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला मिळाला. दत्तक एक गेला, पण शाळा दोघांना मिळाली. मग पुढे दिसलेला बदल दत्तकामुळे झाला की शाळेमुळे? हा प्रश्न २००५ च्या मेटा-विश्लेषणालाही तसाच लागू पडतो. मुलाला नवं घर मिळतं तेव्हा सहसा नवी शाळाही मिळते. दोन्हींचा परिणाम वेगळा काढणं सोपं नाही.

आजचे अहवालही वरच पाहतात

आता २०२६ च्या आसपासच्या फाइलकडे या. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. आदेशाआधी मूल दत्तकपूर्व संगोपनात घरी राहायला येतं. आदेशानंतर जन्मदाखला दत्तक आईवडिलांच्या नावाने मिळतो. पुढे दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा अहवाल होतो.

मला वाटलं, वा, तयार विदा! हे अहवाल मिळवले की काम झालं. पण दोन अडचणी आहेत. एक, ते गोपनीय आहेत आणि तसेच असले पाहिजेत. दोन, ते एलियटच्या काळातल्या कागदांसारखेच वरच्यांसाठी लिहिलेले असतात. ‘मूल शाळेत रुळले आहे’ या वाक्याने फाइल पुढे सरकते. मूल रुळलं म्हणजे रडत नाही की त्याने रडणं सोडून दिलं, हे त्या वाक्यात कळत नाही.

शाळेच्या बाजूने कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ नुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम ४ नुसार वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. म्हणजे आदेश यायचा असला तरी मूल शाळेत जाऊ शकतं. पण वयाला साजेसा वर्ग म्हणजे आधी न शिकलेलं किंवा तुटक शिकलेलं मूल थेट चौथीत. त्याच कलमात विशेष प्रशिक्षणाचीही तरतूद आहे. ती प्रत्यक्षात कशी वापरली जाते, हा कोणाचा तरी चांगला प्रबंध होऊ शकतो.

मावशीचा प्रश्न

शेवटची चूक सांगते. ती सांगायला मला थोडी लाज वाटते.

माझी मावशी आपल्याच जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझा विषय ऐकून ती सहज बोलून गेली की तिच्याकडे असं एक मूल होतं. तालुका, वर्ष, इयत्ता मी सांगणार नाही. मला एवढा आनंद झाला की मी लगेच विचारलं, ‘मावशी, मी येऊ का प्रश्नावली घेऊन?’

मावशी थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “तू येशीन, एकट्या त्यालेच बाजूले बसवशीन. बाकीचे पोट्टे मंग त्याले इचारतीन का नाही, ताई तुलेच काहून बोलवत होती? त्यानं काय सांगावं मंग?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्गाला माहीत नव्हतं. मावशीलाही वडिलांनी विश्वासाने सांगितलं होतं आणि तिने तो विश्वास माझ्यापुढे अर्धा मोडला होता, हे तिला तेव्हाच उमगलं. माझा अभ्यास ज्याला ‘समायोजन’ म्हणत होता, ते मोजायला गेल्यानेच मोडलं असतं. नंतर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ वाचलं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता आणि शाळा उघड करायला त्यात मनाई आहे. ‘शाळा’ हा शब्द तिथे स्पष्ट लिहिलेला आहे. माझ्या परिशिष्टात मात्र ‘अभ्यासात समाविष्ट शाळांची यादी’ असणार होती. ज्या शाळेत असं एकच मूल आहे, तिथे शाळेचं नाव म्हणजे मुलाचंच नाव.

संमतिपत्र होतं ना, असं तुम्ही म्हणाल. पालकांची सही घेतली असती. पण पालकांनी सही केली म्हणून त्या मुलाची मधली सुट्टी परत मिळाली नसती.

मावशीने नंतर एक गोष्ट सांगितली. कुटुंबाचा पाठ आला की ती आधी ‘तान्हेपणीचा फोटो आणा’ म्हणायची. त्या वर्षापासून तिने ते बंद केलं, सगळ्यांसाठीच. आता विचारते, ‘तुमच्या घरी रात्री कोण कोण जेवायला बसतं?’ गंमत म्हणजे याने ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुलांचीही सोय झाली, आजीकडे राहणाऱ्यांचीही आणि वडील गमावलेल्यांचीही. आत्महत्या झालेली शेतकरी घरं आपल्या जिल्ह्यात किती आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. फोटो नसलेली मुलं वर्गात आधीपासून होती. एका नव्या मुलामुळे ती दिसली.

मग प्रश्न काय असावा?

मी सिनॉप्सिस फाडली नाही, बदलली. मूल शाळेशी कसं जुळवून घेतं, हा प्रश्न सोडला. शाळा कोणतं कुटुंब गृहीत धरते, हा घेतला. प्रवेश अर्जातले रकाने, वर्गातले कुटुंबावरचे उपक्रम, शिक्षक नव्या मुलाची ओळख कशी करून देतात, हजेरीत नाव बदललं तर काय करतात, हे मी पाहते. त्यासाठी कोणत्याही मुलाला बाजूला बसवावं लागत नाही. ‘तुमच्याकडे दत्तक मूल आहे का?’ हे मी कोणत्याही शाळेत विचारत नाही. अनुभव ऐकायचा असेल तर स्वतःहून बोलायला तयार असलेल्या, वयाने मोठ्या झालेल्या दत्तक व्यक्तींकडे जाते. त्यांची आठवण पुसट असेल, आजच्या नजरेने रंगलेली असेल. ती मर्यादा मी प्रबंधात लिहीन.

या बदलाची किंमत आहे. मला ‘फरक सार्थक आहे’ असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. एका मार्गदर्शक समितीत कोणी विचारलंही, ‘मग मुलांचं काय? मुलं कुठे आहेत तुमच्या अभ्यासात?’ प्रश्न रास्त आहे. मुलांचा आवाज नसलेले कागद म्हणून मी बडोद्याच्या साधनांवर टीका करते आणि माझ्याही अभ्यासात आज शाळेत असलेलं मूल बोलत नाही. ही विसंगती मला पूर्ण सोडवता आलेली नाही. फक्त एवढं ठरवलंय की ती सोडवण्यासाठी कोणाच्या मधल्या सुट्टीत मी जाणार नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ. स्वतःचं शीर्षक कागदावर लिहा आणि चार प्रश्न विचारा. मुख्य शब्दात किती वेगळी माणसं दडली आहेत? तेवढी माणसं त्या भागात खरंच आहेत का? तुलना कोणाशी? आणि मी विचारायला गेल्याने समोरच्याचं काय होईल? पहिल्या तीन प्रश्नांसाठी तुमचे गाईड आहेत. चौथ्यासाठी एखाद्या शिक्षिकेला विचारा, जमलं तर गावच्या शाळेतल्या.